ट्रॉलीला इंजिन नसतं, म्हणूनच कुलूप हवं

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर गडीमाणसांचं काम. पण आपल्या बारामती-इंदापूर भागात आता कितीतरी ट्रॉल्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या आहेत. हप्ता आपण भरतो, वहीत सही आपली असते. मग ती ट्रॉली रात्री कुठं उभी असते, हेही आपणच बघायला हवं.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण ती ताई माझ्याच गटांपैकी एका गटातली आहे. मालक गेल्यावर तिनं धीर धरला, गटातून कर्ज काढलं आणि जुनी ट्रॉली विकत घेतली. ट्रॅक्टर दिराचा, ट्रॉली हिची. हंगामात ऊस वाहायचा, एरवी शेणखत, मुरूम, वाळकी वैरण. दोन वर्षं चांगली गेली. हंगाम संपल्यावर ट्रॉली रस्त्याकडेच्या रानात उभी केली होती. आठ-दहा दिवस तिकडं कुणी फिरकलं नाही. एका सकाळी दीर गेले तर जागेवर चाकांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

तक्रार द्यायला मी तिच्यासोबत गेले. साहेबांनी विचारलं, "ट्रॉलीचा नंबर काय?" नंबर नव्हता. "खरेदीची पावती?" व्यवहार तोंडी झालेला. "फोटो?" मुलाच्या वाढदिवसाचा एक फोटो होता, त्यात मागं ट्रॉलीचा कोपरा दिसत होता. "ओळखणार कशी?" ताई म्हणाली, "लाल रंगाची आहे." सांगतानाच तिच्या लक्षात आलं की लाल रंगाच्या ट्रॉल्या तर गावोगावी आहेत. ट्रॉली सापडली नाही. हप्ते मात्र ती अजून भरते आहे.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागं लागले. वेल्डिंगवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना, गावच्या पोलीस पाटलांना विचारत गेले. जे समजलं ते सांगते.

ट्रॉली नेणं इतकं सोपं का?

मोटारसायकल न्यायची तर चोराला हँडल लॉक तोडावं लागतं, किल्लीचं बघावं लागतं. ट्रॉलीला यातलं काहीच नसतं. पुढच्या दांडीला एक रिंग असते. कुणाचाही ट्रॅक्टर मागं घ्या, रिंगमध्ये पिन टाका आणि चला. पाच मिनिटांचं काम.

त्यात आपला भाग उसाचा. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा चारी बाजूंना कारखाने. हंगामात रात्री दोन वाजता ट्रॉली ओढत ट्रॅक्टर गेला तर कुणी मान वर करून बघत नाही, कारण ते रोजचंच आहे. हंगाम संपला की उलटं होतं. ट्रॉली महिनोन्महिने एका जागी पडून असते आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. दोन्ही वेळा चोराच्या सोयीच्याच.

पक्कं कुलूपही शेवटी तुटतं, हे मी आधीच कबूल करते. गॅस कटर आणि भरपूर वेळ हाती असला तर काहीही कापता येतं. पण चोराला वेळ लागणं नको असतं, आवाज होणं नको असतं आणि माल ओळखू येणं नको असतं. आपण जे काही करायचं, ते या तीन गोष्टी वाढवण्यासाठी.

पहिलं काम, जागा

याला एक रुपया लागत नाही. रस्त्याकडेला, दूरच्या रानात, कालव्याच्या भरावावर ट्रॉली सोडू नका. वस्तीवर, घरातून दिसेल अशी लावा. रस्त्याकडेला अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकली आदळून माणसं दगावतात, तो धोकाही टळतो.

लावताना दांडीचं तोंड भिंतीकडं किंवा मोठ्या झाडाकडं करा, अगदी टेकवून. मग ट्रॅक्टर रिंगपर्यंत पोचूच शकत नाही. जोड ट्रॉली असेल तर एकीची दांडी भिंतीला आणि दुसरीची दांडी पहिलीच्या मागं अडकवून तिथं कुलूप लावा. घरी ट्रॅक्टर असेल तर तो ट्रॉलीच्या आडवा लावा. दांडीखालचा स्टँड निघणारा असेल तर काढून घरात ठेवा.

दुसरं काम, रिंग बंद करणं

रिंगमध्ये पिन बसली नाही तर ट्रॉली ओढता येत नाही. म्हणून रिंग भरून टाकायची. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून रिंगच्या मापाचा जाड गज करून घ्या. एका टोकाला मोठी चकती, म्हणजे गज खाली निसटणार नाही. दुसऱ्या टोकाला कुलपासाठी भोक. गज रिंगमध्ये टाकला, कुलूप लावलं, काम झालं.

कुलूप घेताना कडी जाड आणि आखूड बघा. कडी लांब असली की पहार घालायला आणि कटर लावायला जागा मिळते. कपाटाचं छोटं कुलूप लावून समाधान मानू नका, ते दगडाच्या एका घावात तुटतं.

तिसरं काम, साखळी

जाड साखळी चाकाच्या डिस्कच्या भोकातून आणि एक्सलवरून फिरवून घ्या आणि जवळच्या झाडाला किंवा काँक्रीटमध्ये गाडलेल्या खांबाला बांधा. साखळी फाळक्याला बांधू नका, फाळका सहज निघतो. साखळी ताणून, जमिनीपासून वर ठेवा. जमिनीवर लोळणाऱ्या साखळीखाली दगड ठेवून वर घण मारता येतो. लोंबकळणाऱ्या साखळीवर तो जोर बसत नाही.

कुलपात पाणी-माती गेली की पावसाळ्यात ते गंजून बसतं आणि मग आपणच वैतागून लावायचं सोडतो. त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा चढवा. महिन्यातून एकदा दोन थेंब तेल सोडा. एक किल्ली वापरणाऱ्याकडं, दुसरी गटाच्या अध्यक्षांकडं, आणि कुणाकडं आहे ते वहीत लिहा.

हंगाम संपल्यावर

चार-सहा महिने ट्रॉली लागणार नसेल तर चाकं काढून घरात ठेवणं सगळ्यात चांगलं. बिनचाकी ट्रॉली कोण ओढणार? शिवाय टायर उन्हापासून वाचतात आणि नुसते टायर चोरीला जाण्याची भीतीही राहत नाही. पण हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. ट्रॉली चारी कोपऱ्यांना भक्कम लाकडी ओंडक्यांवर बसली पाहिजे. एकावर एक ठेवलेल्या विटांवर बिलकूल नको, विटा फुटतात. आणि पोरांना तिच्याखाली खेळू देऊ नका.

उजेड, आवाज आणि एक ताकीद

माणूस जवळ आला की पेटणारा सोलर दिवा मिळतो. त्याला वायर लागत नाही, वीज गेली तरी तो चालतो. साखळीला दोन-चार जुन्या घुंगरमाळा बांधल्या तरी रात्री आवाज होतो. कुत्रं तर आपल्या वस्तीवर असतंच.

मात्र मैत्रिणींनो, हात जोडून सांगते, ट्रॉलीला किंवा कुंपणाला विजेचा करंट सोडू नका. चोराआधी आपलं लेकरू, म्हैस किंवा पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी त्याला चिकटेल. माणूस मेला तर आपण तुरुंगात जाऊ. कोणतीही ट्रॉली एका जिवापेक्षा मोठी नाही.

जीपीएसचं यंत्रही मिळतं. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून चार्जिंगवर चालणारं घ्यावं लागतं आणि त्यातल्या सिमकार्डाला रिचार्ज लागतो. चार्जिंग कोण करणार हे ठरलेलं असेल तरच त्यावर पैसे घाला.

ओळख, जी ताईकडे नव्हती

कुलूप ट्रॉली थांबवतं. गेलेली ट्रॉली परत आणायची तर ओळख लागते.

फाळक्यावर तिन्ही बाजूंनी गटाचं आणि गावाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवा. रंग खरवडता येतो, म्हणून चेसीवर वेल्डिंगनं गटाचा क्रमांक उठवून घ्या. तसाच दुसरा क्रमांक सहज न दिसणाऱ्या जागी करा आणि ती जागा दोघीतिघींनाच माहीत असू द्या. चारी बाजूंनी, खालून, रिंगचे आणि टायरवरच्या नंबरांचे फोटो काढा. एखादा जुना डाग, वाकलेला पत्रा, ठिगळ असेल तर त्याचाही फोटो हवा. फोटो एकाच मोबाईलमध्ये न ठेवता गटाच्या ग्रुपवर टाका.

आता कागद. ट्रॅक्टरप्रमाणे ट्रॉलीचीही आरटीओकडे वेगळी नोंदणी असते, तिला स्वतःचा नंबर मिळतो. आपल्याला त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, बारामतीत कार्यालय आहे, एमएच ४२ हा नंबर तिथलाच. विमा असेल तर पॉलिसी उघडून बघा, त्यात ट्रॉलीचा उल्लेख आहे की नुसत्या ट्रॅक्टरचा. अनेकदा ट्रॅक्टर लिहिलेला असतो आणि ट्रॉली राहून गेलेली असते. कर्ज बाईच्या नावावर असेल तर पावती आणि नोंदणीही तिच्याच नावावर असू द्या.

जुनी ट्रॉली घेताना कागद मागा. बाजारभावापेक्षा फार स्वस्तात कुणी देत असेल आणि कागदाचं नाव काढलं की विषय बदलत असेल, तर तिथून उठा. भारतीय न्याय संहितेत चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपण स्वस्तात घेतो म्हणून तर दुसऱ्या कुणा ताईची ट्रॉली जाते.

आणि तरीही गेली तर?

जागेवर गर्दी करू नका, चाकांच्या खुणा पुसतात. लगेच ११२ नंबरला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू असेल तर तिच्यावरून एकाच वेळी सगळ्यांना निरोप जातो. त्याचा नंबर आजच ग्रामपंचायतीतून घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. पेट्रोल पंप, दूध डेअरी, रस्त्यावरची दुकानं यांचे कॅमेरे त्याच दिवशी बघायला सांगा. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

फिर्याद त्याच दिवशी द्या. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे चोरी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली असली तरी फिर्याद घ्यावी लागते. आपली गावं इंदापूर, वालचंदनगर, भिगवण, बारामती तालुका अशा ठाण्यांच्या हद्दींवर आहेत, म्हणून हे ध्यानात ठेवा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. फिर्याद घेतली नाहीच तर तीच तक्रार लिहून टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. विमा असेल तर कंपनीला आणि कर्ज असेल तर बँकेला लगेच लेखी कळवा.

एक गोष्ट करू नका. एकट्यादुकट्यानं पाठलाग नको आणि संशयावरून कुणाला पकडून मारहाण तर नकोच नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं भटक्या समाजातल्या ५ निरपराध माणसांना ठार मारलं. पालावर राहणारा, फिरस्ता माणूस दिसला म्हणजे तो चोर नसतो. संशय आला तर पोलिसांना सांगायचं, हात उचलायचा नाही.

आमच्या गटांनी काय केलं

ताईची ट्रॉली गेल्यावर आम्ही पाच गटांच्या बैठकीत ठराव घेतला. कर्जातून ट्रॉली घ्यायची तर गज, साखळी आणि दोन कुलपांचे पैसे कर्जाच्या रकमेतच धरायचे. फोटो आणि पावतीची झेरॉक्स गटाच्या फाईलला लागल्याशिवाय पहिला हप्ता वहीत चढवायचा नाही. आणि दर महिन्याच्या बैठकीला जाताना दोघींनी ट्रॉली डोळ्यांनी बघून यायची.

गेल्या हंगामानंतर एका वस्तीवर सकाळी उठून बघतात तर साखळीच्या एका कडीवर करवतीची खूण. अर्धी कडी कापलेली आणि ट्रॉली जागेवर. कुत्रं भुंकलं होतं, आजी खोकत उठल्या होत्या आणि दिवा पेटला होता. यातल्या नेमक्या कशानं चोर पळाला, कुणास ठाऊक. पण कडी कापायला जो वेळ लागला, त्यानं ट्रॉली वाचवली.

ती साखळी आता आमच्या बैठकीत असते. नवीन गट आला की आम्ही ती हातात देतो आणि ती ताईच बोलायला उभी राहते. तिला बोलताना अजून भरून येतं, पण ती शेवटपर्यंत बोलते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला जाण्याआधी एवढं करा. ट्रॉलीजवळ जा, चारी बाजूंनी फोटो काढा, पावती शोधा आणि रिंगचं माप घेऊन वेल्डिंगवाल्याकडं जा. काही अडलं तर आपापल्या गटाच्या समन्वयक ताईंना विचारा.

पुन्हा भेटूच. नमस्कार.