पांडव न दिसणारं महाभारत

औंढा नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरायचं तर अंग चोरून, वाकून अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात. दर्शन घेऊन वर आलं की बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं दाखवत कुणीतरी सांगतंच, "हे देऊळ धर्मराजानं बांधलं, वनवासात असताना." आमच्या हिंगोली जिल्ह्यात पांडव असे घरचेच आहेत. म्हणून 'मायाबाजार' या तेलुगू चित्रपटाचं मला फार अप्रूप. तीन तासांच्या या महाभारतात पाचांपैकी एकही पांडव पडद्यावर दिसत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं. पाच महिने व्हायच्या आत, २७ मार्च १९५७ला, के. व्ही. रेड्डी यांचा 'मायाबाजार' झळकला. राज्यं वेगळी झाली, गोष्ट मात्र सामाईक राहिली. बलरामाची मुलगी, तिचं अभिमन्यूवरचं प्रेम आणि घटोत्कचाची माया. तेलुगूत ती शशिरेखा, आपल्याकडे वत्सला किंवा सुरेखा. व्यासांच्या महाभारतात ती नाहीच; लोकांनी ती रचली आणि जपली. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी 'सुरेखा हरण' हा मूकपट १९२१मध्येच काढला होता. व्ही. शांताराम त्यातूनच पडद्यावर आले.

'मायाबाजार'मधलं लग्न आजही ताजं वाटतं. घटोत्कच शशिरेखेचं रूप घेऊन बोहल्यावर उभा राहतो. ही नवरी म्हणजे सावित्री. डोळ्यांत लाज, आणि पायाखाली नवऱ्याचा पाय असा चेपते की तो कळवळतो. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच तिच्या चेहऱ्यातून क्षणभर डोकावतो आणि लगेच लपतो. त्या काळात हे सगळं अभिनयानं आणि मार्कस बार्टली यांच्या कॅमेऱ्यानं साधलं.

यात कृष्ण झालेले एन. टी. रामाराव १९६३च्या 'लवकुश'मध्ये राम झाले. तेलुगूतला हा पहिला संपूर्ण रंगीत चित्रपट. १९७७च्या 'दानवीरशूरकर्ण'मध्ये तर त्यांनी दिग्दर्शन सांभाळून कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण अशा तिन्ही भूमिका केल्या. हरलेल्यांची बाजू त्यांनी जीव ओतून मांडली. त्याआधी दहा वर्षं, १९६७मध्ये, शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'नं मराठी घराघरांत कर्णाला तीच माया मिळवून दिली होती.

२०२३मध्ये आपल्या ओम राऊत यांनी प्रभासला घेऊन हिंदी आणि तेलुगूत रामकथेवरचा 'आदिपुरुष' केला. त्यातले काही संवाद लोकांना इतके खुपले की ते बदलावे लागले. ज्या गावात दसऱ्याला रामलीला मैदानावर माणसं जमतात, तिथं हे कळायला समीक्षक लागत नाही. गोष्टीत भर घातलेली आम्हाला चालते. तिच्यातल्या माणसांचा मान राखलेला हवा. 'मायाबाजार'नं तो राखला होता.

हिंगोलीच्या रेल्वे स्थानकाचं नाव अजून 'हिंगोली डेक्कन' आहे आणि आमच्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला. हैदराबादशी असलेलं हे जुनं नातं मला 'मायाबाजार' पाहताना हटकून आठवतं. त्यात पांडव द्यूतात हरून वनवासाला गेलेले असतात. ते दिसत नाहीत म्हणून मला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. ते कुठं आहेत, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. ते औंढ्याला देऊळ बांधताहेत.