फावल्या वेळेतील प्रोग्रामिंग : पैशापैशाचा मेळ

व्यापारी कुटुंबांतील अनेक तरुण-तरुणी प्रोग्रामिंगचे प्राथमिक शिक्षण घेतात. परंतु अभ्यासक्रम संपला की ते ज्ञान वापराअभावी गंजू लागते. ज्याचे उत्तर स्वतः पडताळता येते असे लहानसे काम हाती घेणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय होय.

फावल्या वेळेचे मोल पायथन या भाषेच्या जन्मकथेतच दिसते. डच प्रोग्रामर गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत छंद म्हणून तिची रचना आरंभिली आणि १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली.

दिवसभराच्या बिलांची बेरीज करून कर काढणारा वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम सरावाला पुरेसा आहे. त्यात पहिली अडचण बेरजेतच भेटते. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळविल्यास नेमके ०.३ येत नाही. दशांशचिन्हानंतर सतराव्या स्थानी ४ हा अंक उमटतो. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा पूर्ण लिहिता येत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक-दशांश मावत नाही. म्हणून रकमा पैशांत ठेवाव्यात : १२५ रुपये ५० पैसे म्हणजे १२५५०.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम पूर्ण रुपयात आणताना ५० पैसे वा अधिक असल्यास पुढील रुपया धरला जातो. पायथनची 'राउंड' ही सोय मात्र बरोबर अर्ध्यावरील संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते; त्यामुळे २.५ चे ३ न होता २ होतात. प्रोग्राम अडखळत नाही, चुकीची सूचनाही देत नाही. हिशेबाचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ही चूक दिसते.

याकरिता जुन्या एखाद्या दिवसाची बिले घ्यावीत, ग्राहकांची नावे वगळावीत, हाताने काढलेले उत्तर आधी वहीत लिहावे आणि मगच प्रोग्राम चालवावा. फरक आढळल्यास, एका पैशाचा का असेना, कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास असा दिला, तर रोजमेळ जुळविणारी जुनी शिस्तच नव्या विद्येची गुरू ठरते.