सीटखालचा कपलर

स्वीडनमधल्या हिवाळ्यात गाडीची सीट बर्फासारखी गार पडते. म्हणून तिथल्या साब कंपनीने १९७२ साली सीटला विजेची ऊब दिली. आपल्याकडे उलट! उन्हातल्या गाडीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून हल्ली आपल्या काही गाड्यांत गार सीट असते. बहुतेकींच्या पोटात नुसता पंखा असतो. सीटच्या बारीक भोकांतून तो हवा खेळवतो, घाम वाळतो, गार वाटतं. माठाचंच शास्त्र!

ऊब देणाऱ्या सीटमध्ये मात्र बारीक तारांची जाळी असते, इस्त्रीच्या कॉइलची धाकटी बहीणच म्हणा ना. समजा, ती ६० वॉटची आहे. घरातला ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास वीज घेतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. करा भागाकार! ५ अँपिअर आले ना? वॉट तेवढेच, पण प्रवाह जवळजवळ वीसपट. म्हणून या वायरी जाड लागतात.

ही वायर सीटखाली एका प्लास्टिकच्या जोडणीत येते. गॅरेजमध्ये तिला कपलर म्हणतात. सीट पुढे-मागे सरकते, म्हणून वायर जरा सैल ठेवतात. कपलर मात्र ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत घट्ट बसवतात. का? पावसाळ्यात बुटांचं पाणी झिरपून आतल्या पिना गंजल्या किंवा सैल झाल्या, की तिथे विजेला अडथळा होतो. तो फक्त ०.२ ओहम धरा. प्रवाह घटून साडेचार अँपिअरवर येतो. आता प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले अडथळा करून बघा. चार वॉट उष्णता, आणि तीही टाचणीएवढ्या जागेत! प्लास्टिक वितळायला लागतं. आणि फ्यूज? तो गप्पच. प्रवाह वाढला तरच तो उडतो, इथे तर घटलाय! म्हणून सीटखालून जळका वास आला, तर लगेच स्विच बंद करायला सांगा आणि गाडी इलेक्ट्रिशियनला दाखवायला लावा.

आणि हो, सीटखालचा पिवळा कपलर म्हणजे बहुधा एअरबॅगची जोडणी. ती ओढलीत, तर अपघातात एअरबॅग उघडणारच नाही कदाचित. खाली पेन पडलं, तर हात जपून घाला बरं का! सीटवर गुडघे रोवून मागे वळायची सवय आहे का तुम्हाला? त्यानेही आतली तार तुटते.