नावडती भाजी, पुन्हा एकदा

दुधीची फोड ताटाच्या कडेला सारली, की ‘संपव, मग मोबाइल देते’ सुरू होतं. हे आमिष नकोच. मोबाइल बक्षीस ठरला की भाजी शिक्षा ठरते. साधारण २ वर्षांनंतर मुलं अनोळखी चव टाळतात, हा वाढीचाच टप्पा. तीच भाजी ८-१०, कधी १५ वेळा चाखली की बरीच मुलं ती खाऊ लागतात. आपण मात्र लवकरच ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणून मोकळे होतो. एकच फोड वाढा, स्वतः आवडीनं खा, आग्रह करू नका. किती खायचं ते पोराचं पोट ठरवेल.

भुकेसाठी खेळ हवाच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. लगोरी, लंगडी, सायकल, काहीही चालेल. खेळून आल्यावर बिस्किटाचा पुडा तेवढा फोडू नका, थेट पानं घ्या.