ही संख्या मूळ आहे, हे कशावरून?

२,१४,७४,८३,६४७ ही दहा आकडी संख्या पाहा. २ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला, की ही संख्या मिळते. १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. पण हे कशावरून? आम्ही पदार्थविज्ञानवाले शंभर मापने जुळली की समाधान मानतो. गणितात मात्र शंभर भागाकारांत बाकी उरली, तरी एकशे एकावा भाजक दडून बसलेला असू शकतो.

फ्रेंच धर्मोपदेशक मेर्सेन याने १६४४ मध्ये ही संख्या आपल्या यादीत घातली होती. पण त्याच यादीतल्या ६७ आणि २५७ या घातांकांच्या संख्या पुढे मूळ नाहीत असे ठरले. तेव्हा यादीवर विसंबून भागत नाही.

४६,३४१ चा वर्ग आपल्या संख्येहून मोठा होतो. म्हणून भाजक असलाच, तर निदान एक मूळ भाजक ४६,३४० च्या आत हवा. पण तेवढ्यातही जवळजवळ पाच हजार मूळ संख्या आहेत!

१७७२ च्या सुमारास ऑयलरने हे काम आटोक्यात आणले. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याचा आधार होता फेर्माचा सिद्धांत. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकाने लहान असा २ चा घात काढा आणि १ वजा करा; उत्तराला त्या मूळ संख्येने भाग जातो. उदाहरणार्थ ७ घ्या : २ चा ६ वा घात ६४, वजा १ म्हणजे ६३.

आता समजा, एक मूळ संख्या आपल्या मोठ्या संख्येचीही भाजक आहे. मग ती दोन घातांकांच्या बाबतीत भाग घालवते : एक ३१ आणि दुसरा स्वतःहून एकाने लहान. असे असेल, तर या दोन घातांकांच्या मसाविच्या बाबतीतही तिने भाग घालवलाच पाहिजे. ३१ मूळ असल्याने मसावि १ किंवा ३१ च असणार. तो १ असेल, तर तिने २ वजा १ ला, म्हणजे १ ला भागावे लागेल. ते अशक्य! म्हणून भाजकातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग जायला हवा. आणि भाजक विषम असल्याने ६२ ने.

पडताळा पाहायचा, तर २ चा ११ वा घात वजा १ घ्या. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. दोहोंतून १ वजा करा : २२ आणि ८८.

६२ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या संख्या ४६,३४० च्या आत ७४७ च आहेत. शिवाय भाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरावी लागते. (याची सिद्धता लांब आहे, म्हणून इथे देत नाही.) मग उरतात ३७३. त्यांतली पहिलीच ६३, ती मूळ नाही. अशा गाळत गेले, की खरे भागाकार थोडेच राहतात. त्यांतला एकही निःशेष होत नाही.

याच घराण्यातली २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी आहे. तिथे भागाकार कामाचे नाहीत. संगणकावर लुकास आणि लेमर यांची निराळी कसोटी लावावी लागते.

तुम्ही २ चा २३ वा घात वजा १, म्हणजे ८३,८८,६०७ घ्या आणि ऑयलरच्या रीतीने भाजक शोधा. फार वेळ लागणार नाही!