कुत-अल-अमाराचा वेढा (१९१५-१६) : सामान्य भारतीय सैनिकाचा अनुभव

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावाला ऑटोमन सैन्याने डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. वेढ्यात सापडलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. या वेढ्यावरील बहुतेक लेखन सेनापतींच्या चुकांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात खंदकातील शिपायाच्या अनुभवाचा, विशेषतः त्याच्या अन्नाचा, विचार केला आहे.

बगदादच्या अलीकडून माघार घेत आलेले हे सैन्य थकलेले होते. हिवाळ्याच्या रात्री गोठवणाऱ्या, सरपण अपुरे. त्यातच जानेवारीत नदीला पूर येऊन खंदक पाण्याने भरले. ११० वी मराठा पलटण तर नदीपलीकडच्या खेड्यात मुख्य छावणीपासून तुटलेली होती.

शिधा घटू लागल्यावर घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात आले. ब्रिटिश सैनिकांनी ते स्वीकारले. बहुसंख्य भारतीय शिपायांनी नाकारले. भारतातून धर्मगुरूंच्या अनुमतीच्या तारा आल्या, तरीही नकार कायम राहिला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याला धार्मिक आग्रह म्हटले. ते पूर्णतः खरे नाही. तारेने दिलेली अनुमती गावच्या पंगतीत कोण मानणार, हा शिपायापुढील प्रश्न होता. जातीबाहेर टाकले गेल्यास मुलींची सोयरिक कोठे जुळवायची, ही चिंता उपासमारीइतकीच खरी होती. एप्रिलमध्ये पदावनतीचा धाक दाखवला गेला आणि दाणाही संपत आला, तेव्हा बहुतेकांनी मांस खाल्ले. तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

या नकाराची किंमत शरीराने मोजली. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या ब्रिटिशांना बेरीबेरी झाला. त्यांना कोंड्यासह दळलेला आटा मिळू लागताच तो ओसरला. आटा खाणारा भारतीय शिपाई बेरीबेरीपासून वाचला, परंतु ताजे मांस व भाजीपाला न मिळाल्याने त्याला स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनाशा झाल्या. खंदकांच्या आसपासचे गवत व पाला खुडून शिजवण्याची वेळ आली. एकाच छावणीत दोन आजारांनी सैनिकांची जणू शिध्यानुसार वाटणी केली होती.

शरणागतीनंतर अधिकारी व शिपाई वेगळे केले गेले. टाउनशेंड यांचा बंदिवास इस्तंबूलजवळील बेटावर सुखात गेला. शिपायांना वाळवंटातून पायी चालवून रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. सुमारे १०,५०० भारतीय कैद्यांपैकी, ज्यांत छावणीचे नोकरही होते, सुमारे ३,००० मरण पावले किंवा बेपत्ता राहिले. सुमारे २,६०० ब्रिटिश शिपायांतील मृतांचे प्रमाण तर याहून अधिक होते.

हा अनुभव भारतीयांच्या शब्दांत वाचायचा झाल्यास बंगालीकडे वळावे लागते. डॉ. कल्याण मुखर्जी यांची पत्रे व शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ हे दोन्ही शिकलेल्या माणसांचे लेखन आहे. मराठा पलटणींतील बहुसंख्य शिपाई निरक्षर शेतकरी होते. सर्वाधिकारींनी आपली रोजनिशी फाडून तिचे तुकडे बुटांत लपवले, म्हणून ती वाचली. या शिपायांजवळ लपवण्यासारखा कागदच नव्हता.