अंतरपाट पांढरा, फोटो काळपट

मंगलाष्टकं सुरू आहेत आणि फोटोची अर्धीअधिक चौकट पांढऱ्याशुभ्र अंतरपाटाने व्यापलीय. अंतरपाट दूर होतो, आणि पुढच्याच फोटोत नवरानवरी एकदम उजळ. अल्बम चाळताना कुणीतरी विचारतंच, "मध्येच दिवे लावले होते का?" हॉलमधला प्रकाश तसूभरही बदललेला नसतो.

योग्य एक्स्पोजर कॅमेऱ्यातल्या मीटरला कळतं, या भाबड्या विश्वासातून हा घोटाळा होतो. मीटर फक्त समोरून येणारा प्रकाश मोजतो. कापड पांढरं आहे की दिवे जास्त आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. तो सारं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी धरून चालतो. नवे मीटर बरेच हुशार झालेत, तरी पांढऱ्याने चौकट भरली की तेही गडबडतात. उलट काळ्याने चौकट भरली की रिसेप्शनचा काळा सूट राखाडी दिसतो.

उपाय मॅन्युअल मोडचा. 'मॅन्युअल म्हणजे दर फोटोला चाकं फिरवत बसा' ही समजूत नेमकी उलटी आहे. प्रकाश स्थिर असेल तर अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे तिन्ही आकडे एकदा ठरवायचे आणि विसरायचे. ऑटो आयएसओ तेवढा बंद हवा, नाहीतर मॅन्युअल नावापुरतंच.

हिशेब स्टॉपचा: एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. एफ/२.८, १/१०० सेकंद, आयएसओ १६०० जमलंय आणि उडत्या अक्षता थिजवायला शटर १/४०० केला, तर दोन स्टॉप गेले. आयएसओ ६४०० केला की उजळपणा परत येतो. उजळपणाच, प्रकाश नव्हे! आयएसओ वाढवून सेन्सर जास्त प्रकाश पकडत नाही. पकडलेला सिग्नल मोठा होतो, इतकंच. फोटोतले दाणे येतात ते मुख्यतः प्रकाश कमी पडल्याने. म्हणून 'आयएसओ कमी ठेवा, दाणे टळतील' हा सल्लाही फसवा. ८०० वर काळपट काढलेला फोटो संगणकावर उजळला की दाणे तेवढेच, कधीकधी जास्तच दिसतात.

एवढं करूनही फोटो कमीजास्त उजळ आले, तर छताकडे बघावं. भारतात वीज ५० हर्ट्झची. चोकवाल्या ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी विजेच्या दर फेऱ्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/१०० सेकंदात मिणमिणण्याचा पूर्ण फेरा टिपला जातो, १/४०० मध्ये पाव फेरा, तोही दर वेळी वेगळा. अनेक नव्या कॅमेऱ्यांत यासाठी अँटी-फ्लिकरची सोय असते. ती नसेल तर १/१०० वर परतावं. अक्षतांच्या रेघा उमटतील, पण नवरीचा चेहरा एका फोटोत उजळ आणि दुसऱ्यात काळवंडलेला येणार नाही.